सातवा गट कोणासाठी होता?

(छत्रपती संभाजीनगर येथे शिक्षिकांच्या एकदिवसीय शिबिरात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. भाषणाची बोली शक्यतो तशीच ठेवली आहे.)

संयोजक मैत्रिणींनी मला विषय दिला तो असा : 'शाळेतले विभाग आणि शाळेतली माणसं'. ऐकायला कोरडा आहे. तुमच्यापैकी काहीजणींना वाटलं असेल, शिबिरात हिंसाचारावर बोलायचं, कायद्यावर बोलायचं, हे शाळेच्या मस्टरचं काय मध्येच? पण मला विचाराल तर शाळेचं मस्टर आणि शाळेचं वेळापत्रक हे दोन कागद बाईच्या आयुष्याबद्दल जेवढं सांगतात तेवढं भाषणं सांगत नाहीत. कोणता विषय कोणी शिकवायचा, कोणी शिकायचा, कोणत्या खोलीत बसायचं, कोणाला मुख्याध्यापक होता येतं आणि झाडू कोणाच्या हातात असतो, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. आपण ते वाचत नाही, एवढंच.

मी आज एका विशिष्ट प्रकारच्या शाळेबद्दल बोलणार आहे. मराठवाड्यात ज्यांचं वय साठीच्या पुढं आहे त्यांना 'मल्टीपर्पज' हा शब्द इंग्रजी वाटतच नाही. नांदेडात 'मल्टीपर्पजला जातो' म्हटलं की कुठं ते सगळ्यांना कळायचं. आपल्या गावात नागसेनवनात मिलिंद मल्टीपर्पज हायस्कूल आहे, बाबासाहेबांनी स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं. पण मल्टीपर्पज म्हणजे काय, किती पर्पज आणि कोणाचे, हे शाळेत जाणाऱ्या मुलामुलींना कोणी समजावून सांगितलं नाही. ते समजून घेऊ.

आधीची परिस्थिती थोडक्यात सांगते. निजामाच्या राज्यात वरच्या शाळेला फौकानिया म्हणत, मधल्या शाळेला वस्तानिया. माध्यम उर्दू. घरात मराठी बोलणाऱ्या मुलालाही गणित-भूगोल उर्दूतून शिकावं लागे. मुलीचा प्रश्न तर त्याच्याही अलीकडचा, म्हणजे उंबरठ्याच्या आतलाच. लोकांनी चालवलेल्या शाळा होत्या, आपल्याकडे सरस्वती भुवन १९१५ सालचं. पण अशा शाळा मोजक्या. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मुक्त झालं, मराठी शाळा वाढू लागल्या. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला. निजामाच्या काळापासूनची सरकारी हायस्कुलं पुढं जिल्हा परिषदांकडे आली. म्हणून आपल्याकडे 'जिल्हा परिषद प्रशाला' आणि 'कन्या प्रशाला' या पाट्या गावोगाव दिसतात. बाकी महाराष्ट्रात हायस्कुलं बहुतेक खाजगी संस्थांची. आपल्याकडे मुलगी हायस्कुलात गेली ती पुष्कळदा सरकारी प्रशालेत. तेव्हा सरकारनं त्या प्रशालेत कोणता विभाग दिला आणि कोणता दिला नाही, याला आपल्या भागात फार महत्त्व होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा.

आता मल्टीपर्पज कुठून आलं? सप्टेंबर १९५२ मध्ये भारत सरकारनं माध्यमिक शिक्षण आयोग नेमला. अध्यक्ष डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार, म्हणून मुदलियार आयोग. अध्यक्ष धरून नऊ जण. त्यात एक ब्रिटनचे, एक अमेरिकेचे आणि एक बाई. त्या बाई म्हणजे हंसा मेहता, तेव्हा बडोद्याच्या विद्यापीठाच्या कुलगुरू. त्या काळी मुलामुलींचं शिक्षण या देशात कसं होतं? १९५१ च्या जनगणनेत शंभर बायकांमध्ये नऊजणीसुद्धा साक्षर नव्हत्या. त्या बायकांच्या लेकींनी हायस्कुलात काय शिकायचं हे ठरवणाऱ्या मंडळात नवात एक. असो. एक होती, आणि ती हंसा मेहता होती, हे आपलं नशीब. का, ते पुढं येईल.

आयोगानं ऑगस्ट १९५३ मध्ये अहवाल दिला. त्यातला निदानाचा भाग चांगला होता. हायस्कुलं म्हणजे कॉलेजात जाण्याच्या रांगा झाल्या आहेत, सगळ्यांना एकाच घाण्याला जुंपलं जातं, मुलांच्या आवडीनिवडी वेगळ्या असतात, हाताच्या कामाला प्रतिष्ठा नाही. हे सगळं खरंच होतं. उपाय म्हणून त्यांनी बहुउद्देशीय शाळा सुचवली. भाषा, समाजशास्त्र, सामान्य विज्ञान-गणित आणि एखादा हस्तोद्योग सगळ्यांना. आणि त्याशिवाय सात गटांपैकी एक गट निवडायचा. गट मोजा : मानव्यविद्या, विज्ञान, तंत्र, वाणिज्य, शेती, ललितकला, आणि सातवा गृहशास्त्र.

या कल्पनेचं माहेर बरंचसं अमेरिकेत होतं. तिथं गावातल्या सगळ्या मुलांसाठी एकच मोठं हायस्कूल आणि त्याच्या पोटात वेगवेगळे विभाग अशी पद्धत वाढली होती. एका छपराखाली इंग्रजीचा विभाग, गणिताचा, विज्ञानाचा, व्यायामाचा. मुलांसाठी लाकूडकाम-लोखंडकामाचं वर्कशॉप आणि मुलींसाठी स्वयंपाक-शिवणाची खोली. १९१७ साली तिथल्या केंद्र सरकारनं कायदा करून शेती, कारागिरी आणि गृहशास्त्र शिकवणाऱ्या शिक्षकांच्या पगाराला पैसे दिले. त्यामुळे हे विभाग नुसते कागदावर राहिले नाहीत, पक्के बांधले गेले. आपल्याकडेही १९५४ साली फोर्ड फाउंडेशनच्या पैशातून एक आंतरराष्ट्रीय पथक माध्यमिक शाळांचा अभ्यास करायला आलं. पुढं १९६३ मध्ये अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर आणि म्हैसूर इथं या शाळांसाठी शिक्षक तयार करणारी विभागीय महाविद्यालयं निघाली, त्यांना अमेरिकेच्या ओहायो राज्य विद्यापीठाची मदत होती. तेव्हा नांदेडच्या पोराच्या तोंडी असलेला 'मल्टीपर्पज' हा शब्द बराच लांबून आला होता.

लांबून आला म्हणून मी त्याला नावं ठेवत नाही. चांगली गोष्ट कुठूनही घ्यावी. पण तिथल्या शाळेसोबत तिथला लिंगभेदही आपण घेतला आणि आपल्या लिंगभेदात मिसळला. अमेरिकेत तेव्हा मुलगा वर्कशॉपात आणि मुलगी स्वयंपाकाच्या खोलीत हे इतकं नैसर्गिक मानलं जाई की त्यावर कोणी चर्चा करत नसे. तिथल्या पुष्कळ शाळामंडळांनी दुसऱ्या महायुद्धापर्यंत लग्न झालेल्या बाईला शिक्षिका म्हणून नेमायचंच नाही असा नियम ठेवला होता. म्हणजे मुलींना संसाराचं शास्त्र शिकवायचं, पण ज्या बाईनं संसार मांडला तिला शाळेतून बाहेर काढायचं! १९७२ साली तिथं शिक्षणातल्या लिंगभेदाविरुद्ध कायदा झाला. त्यानंतर मुलींना वर्कशॉपात आणि मुलांना स्वयंपाकाच्या वर्गात जायला दार उघडलं. पन्नास वर्षं तिकडच्या बायकांना थांबावं लागलं.

आता आपला सातवा गट पाहू. त्यात कोणते विषय? गृह-अर्थशास्त्र, आहार आणि पाककला, मातृकला व बालसंगोपन, गृहव्यवस्थापन व घरगुती शुश्रूषा. शेजारीच तिसरा गट पाहा : भूमितीय रेखन, उपयोजित विज्ञान, यांत्रिकी आणि विद्युत अभियांत्रिकीची मूलतत्त्वं. नियमात कुठंही लिहिलेलं नव्हतं की तिसरा गट मुलांचा. आयोगानं तर स्पष्टच म्हटलं होतं की मुलांना खुलं असलेलं सगळं शिक्षण मुलींनाही खुलं असावं. मात्र त्याला जोडून एक गोष्ट सांगितली : मुलींच्या शाळांमध्ये आणि मिश्र शाळांमध्ये गृहशास्त्राची खास सोय करावी. झालं. सरकारी खात्यात सगळ्यात आधी अंमल कशाचा होतो? 'खास सोय' या शब्दांचा.

मैत्रिणींनो, निवड ही गोष्ट मनात होत नाही, खोलीत होते. मुलीनं विज्ञान निवडायचं तर शाळेत प्रयोगशाळा पाहिजे. प्रयोगशाळा असेल तर साहित्य पाहिजे, परिचर पाहिजे, आणि विज्ञान पदवीधर शिक्षक पाहिजे. मुलींच्या शाळेत शक्यतो बाईच पाहिजे, असं पालकांचं म्हणणं. विज्ञान शिकलेली बाई आणायची कुठून? कारण तिनं विज्ञान शिकावं अशी शाळाच नव्हती. म्हणून मुलींच्या शाळेत विज्ञानाची तुकडी मंजूर होत नाही. तुकडी नाही म्हणून मुलगी गृहशास्त्र घेते. ती पुढं गृहशास्त्राची बाई होते किंवा काहीच होत नाही. आणि अहवालात नोंद होते, की मुलींचा कल गृहशास्त्राकडे आहे. हे चक्र आहे. याला 'कल' म्हणायचं का, हा माझा प्रश्न आहे.

मी हे पुस्तकातून सांगत नाही. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी, नाव घेत नाही, मी १९६६ साली आठवीत गेले. कन्या प्रशाळेत विज्ञानाची म्हणून एक काचेचं कपाट होतं, कुलूप लावलेलं. आत एक तराजू, काही परीक्षानळ्या आणि मानवी हाडांचा तक्ता. गृहशास्त्राच्या खोलीत मात्र दोन स्टोव्ह, शिवणयंत्रं आणि एक मोठी बाहुली, तिला आंघोळ घालायची. मला बीजगणित हवं होतं. सांगण्यात आलं की ते इथं नाही, हवं असेल तर मुलांच्या प्रशालेत जा. माझी आत्या बालविधवा होती, तिनं माझ्या वडिलांना सांगितलं, जाऊ द्या तिला. म्हणून मी गेले. आम्ही वर्गात चारजणी होतो. कन्या प्रशाळेत माझ्याच बाकावर बसणारी मैत्रीण माझ्यापेक्षा गणितात हुशार होती. तिच्या घरात अशी आत्या नव्हती. ती त्या बाहुलीला आंघोळ घालत राहिली आणि अकरावीच्या आधी तिचं लग्न झालं. मी पस्तीस वर्षं गणित शिकवलं. आमच्या दोघींत फरक बुद्धीचा नव्हता. गावात दोन शाळा होत्या, त्यांतल्या एकीतच तो विभाग होता, आणि तिथवर जाण्याची परवानगी एकीलाच मिळाली.

आता कोणी म्हणेल, या बाई गृहशास्त्राच्या विरुद्ध आहेत. अजिबात नाही. उलट मला त्या विभागाबद्दल कृतज्ञता वाटते, आणि त्याचं कारण समजून घ्या. हायस्कुलातला हा एकच विभाग असा होता की तिथं बाईच लागे. गणिताच्या जागेसाठी बाईला पुरुषांशी स्पर्धा करावी लागे आणि निवड समितीत सगळे पुरुष. गृहशास्त्राच्या जागेवर कोणी बाईला अडवत नव्हतं. त्या काळच्या कितीतरी विधवा, टाकलेल्या, अविवाहित बायकांना या जागेनं स्वतःचा पगार दिला, स्वतःचं नाव मस्टरवर दिलं. आणि या बायकांनी शिकवलं तेही काही कमी नव्हतं. उकळून पाणी का प्यायचं, बाळाला पहिलं चिकाचं दूध का द्यायचं, डाळ-भाकरीत काय असतं; हे ज्ञान ज्या घरात गेलं तिथं मुलं जगली. घरकाम हे काम आहे, त्याला वेळ, श्रम, हिशेब लागतो, हे शाळेच्या फळ्यावर पहिल्यांदा लिहिलं ते गृहशास्त्राच्या बाईंनी. आपण स्त्रीमुक्तीवाल्या नंतर आलो.

मग चूक कुठं झाली? चूक ही की तो फळा फक्त मुलींपुढे लावला. बाळाची शुश्रूषा हे शास्त्र असेल तर बापाला ते नको? आहार हे शास्त्र असेल तर जेवणाऱ्या मुलाला ते नको? घरकामाला एका हातानं शास्त्राची प्रतिष्ठा दिली आणि दुसऱ्या हातानं तेच मुलीच्या पायात घातलं.

आता माणसांकडे वळू. शाळेचं मस्टर उघडा. सर्वांत वर मुख्याध्यापक, मग पर्यवेक्षक, मग पदवीधर प्रशिक्षित शिक्षक. त्यानंतर चित्रकला, शिवण, हस्तोद्योग, संगीत यांचे विशेष शिक्षक. मग लिपिक, प्रयोगशाळा परिचर, शिपाई, शेवटी सफाई करणारी व्यक्ती. ही शिडी आहे. शिडीवर चढायला पदवी आणि बी.एड. लागतं. शिवणाची पदविका असलेली बाई तीस वर्षं सेवा करो, तिला मुख्याध्यापिकेच्या खुर्चीची वाट नाही. म्हणजे ज्या विभागात बायकांना सहज प्रवेश, त्याच विभागातून वर जायची वाट बंद. १९७७ साली महाराष्ट्रात खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा झाला, १९८१ साली त्याचे नियम आले. त्यानं पुष्कळ संरक्षण दिलं. संस्थाचालकाच्या मनात आलं म्हणून बाईला घरी बसवता येईना. पण सेवाज्येष्ठतेच्या याद्या ज्या पात्रतेवर लावायच्या ती पात्रता मिळवण्याची संधीच मुळात कोणाला होती, हा प्रश्न कायद्याच्या बाहेर राहिला.

आणि मस्टरच्या शेवटच्या ओळी. कन्या प्रशाळेत 'मावशी' असत. सकाळी घराघरातून मुलींना गोळा करून आणायचं, संध्याकाळी पोचवायचं, मुलीला पहिल्यांदा पाळी आली की तिला बाजूला नेऊन सगळं समजावायचं, पाण्याचे रांजण भरायचे. मी असं म्हणेन की मराठवाड्यातल्या मुलींच्या शिक्षणाचा पाया या मावश्यांच्या पायांवर उभा होता. 'मावशी येते न्यायला' या एका भरवशावर बापानं मुलगी पाठवली. त्यांच्या कामाला कोणता विभाग म्हणायचा? गृहशास्त्राच्या पुस्तकातल्या शुश्रूषेच्या धड्यातलं सगळं त्या करत होत्या, पण त्यांना कोणी शिक्षिका म्हटलं नाही. कित्येकदा त्या दलित नाहीतर मुसलमान वस्तीतल्या असत. त्या ज्या मुलींना हात धरून शाळेत आणत, त्या वर्गात त्यांची स्वतःची मुलगी असेच असं नाही. सात गटांच्या तक्त्यात जातीचा रकाना नव्हता. मस्टर वाचलं की तो दिसतो. नागसेनवनातल्या शाळेचं महत्त्व मला या ठिकाणी वाटतं. ज्यांची जागा मस्टरच्या शेवटच्या ओळीत ठरलेली होती, त्यांच्या मुलामुलींना वरच्या ओळींची वाट तिथं खुली झाली.

आता हंसा मेहतांकडे परत येते. ही कोण बाई? १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या मसुद्यात 'सर्व पुरुष' असा अर्थ होईल असा शब्द होता, तिथं 'सर्व मानव' हा शब्द यावा म्हणून आग्रह धरणारी. बडोद्याच्या विद्यापीठात गृहशास्त्राची स्वतंत्र विद्याशाखा उभी राहिली ती त्यांच्याच कारकिर्दीत. म्हणजे गृहशास्त्राचं मोल त्यांना कोणी शिकवायला नको होतं. मुदलियार आयोगावरही त्याच होत्या. पुढं १९६१ साली राष्ट्रीय स्त्रीशिक्षण परिषदेनं एक समिती नेमली, मुलं आणि मुली यांचे अभ्यासक्रम वेगळे असावेत का हे पाहायला. अध्यक्ष हंसा मेहता. आणि समितीनं काय सांगितलं? की लिंगावरून अभ्यासक्रम वेगळे करू नयेत. बाईचा स्वभाव, बाईची बुद्धी, बाईचं काम म्हणून जे सांगितलं जातं त्यातलं बरंचसं समाजानं घडवलेलं आहे, निसर्गानं नाही. शाळेनं ते आणखी पक्कं करू नये. ही भूमिका एका सरकारी समितीनं साठीच्या दशकात घेतली होती. ज्या बाईनं गृहशास्त्राला विद्यापीठात जागा दिली, त्याच बाईच्या समितीनं सांगितलं की ते मुलीच्या गळ्यात बांधू नका.

१९६४ ते १९६६ च्या कोठारी आयोगानं ही भूमिका उचलून धरली. मुलींना गणित-विज्ञान घ्यायला उत्तेजन द्या, गृहशास्त्र सक्तीचं करू नका, आणि पहिली दहा वर्षं गणित-विज्ञान सगळ्यांनाच द्या. महाराष्ट्रात १९७५ साली नव्या दहावीची पहिली परीक्षा झाली. सातव्या गटाची भिंत पडली. मी १९७६ साली नोकरीला लागले तेव्हा माझ्यासमोर मुलींनी भरलेला गणिताचा वर्ग होता. त्या मुलींचा 'कल' एका वर्षात बदलला होता काय? कल तोच होता. आता तो विषय त्यांच्या वर्गात आला होता, आणि शिकवायला कोणीतरी होतं. मुलींना विज्ञानाकडे वळवा अशी भाषणं वीस वर्षं झाली त्यानं जे झालं नाही ते एका वेळापत्रकानं झालं. गणित सगळ्यांना म्हटल्यावर शिक्षकांच्या जागा निघाल्या, जागा निघाल्यावर आमच्यासारख्यांना नोकऱ्या मिळाल्या, आणि आमच्याकडे पाहून पुढच्या मुली बी.एस्सी.ला गेल्या. आधी जे चक्र सांगितलं तेच चक्र उलटं फिरलं. आपण चळवळीतल्या बायका मनं बदलण्यावर फार बोलतो. मनं बदललीच पाहिजेत. पण कधीकधी मंजूर पदांचा तक्ता बदलला की मनं मागून येतात.

सगळं साध्य झालं असं मात्र समजू नका. भिंत पडली तशी दुसरीकडून छोट्या भिंती उभ्या राहिल्या. कार्यानुभवाचा तास आला. त्यात माझ्या शाळेत मुलं सुतारकामाला आणि मुली भरतकामाला. मी मुख्याध्यापकांना म्हटलं, अदलाबदल करू. ते म्हणाले, बाई, पालक ओरडतील. एक वर्ष केली. कोणी पालक ओरडले नाहीत. मुलांनी बटणं लावायला शिकली, मुलींनी पाटाला खिळे ठोकले. पुढच्या वर्षी वेळापत्रक पुन्हा पहिल्यासारखं लागलं. स्नेहसंमेलनात तर कागदावर नसलेले विभाग दिसतात : रांगोळी, चहा, स्वागतगीत, ओवाळणी हा बाईंचा विभाग, माइक, हिशेब, पाहुण्यांशी बोलणं हा सरांचा. यासाठी कोणता शासन निर्णय निघाला होता? २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात भाजी निवडणारे बाबा दिसले तेव्हा केवढी चर्चा झाली तुम्हाला आठवत असेल. एका चित्राची एवढी बातमी होते, यावरूनच अजून किती चालायचं आहे ते कळतं.

आणि आज काय चाललं आहे? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात कला, आरोग्य-शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांच्यासाठी अंशकालीन निदेशक अशी तरतूद आहे, तीही सहावी ते आठवीला शंभरपेक्षा जास्त मुलं असतील तर. म्हणजे ज्या विशेष विभागांत बाईला पूर्ण पगाराची जागा मिळत होती, तीच जागा अर्धवेळ झाली. २०२० च्या डिसेंबरात शासनानं अनुदानित शाळांतल्या शिपाई-वर्गाच्या पदांऐवजी ठोक भत्ता द्यायचं ठरवलं. आमच्या मावशीचं नाव मस्टरवरून गेलं, काम मात्र राहिलं. आणि शाळेत रोज दुपारी शंभर-दोनशे मुलांचा स्वयंपाक करणारी बाई पाहा. आहार, पोषण, स्वच्छता, हिशेब, सातव्या गटाचा सगळा अभ्यासक्रम ती रोज करून दाखवते. तिला पगार नाही, मानधन आहे. गृहशास्त्र शिकवणाऱ्या बाईंना पगार होता. ते प्रत्यक्ष करणारीला मानधन. हे आपण कसं चालवून घेतो?

२०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणात पुन्हा तीच सुंदर भाषा आहे. सहावीपासून व्यावसायिक शिक्षण, विषयांची मोकळी निवड, हाताच्या कामाला प्रतिष्ठा. मला ती वाचताना मुदलियार आयोगच आठवला. मी विरोध करत नाही. पण सत्तर वर्षांपूर्वी याच शब्दांतून सातवा गट निघाला होता. सुतारकाम, वीजकाम, ब्युटी पार्लर, शिवण असे पर्याय शाळेत येतील तेव्हा मुली कुठं जातील? 'त्यांचा कल' असं म्हणून पुन्हा हात झटकले जाणार का?

म्हणून आज इथून जाताना तीन कामं घेऊन जाऊ.

पहिलं, प्रत्येकीनं आपल्या शाळेचं मस्टर आणि वेळापत्रक समोर ठेवून दोन याद्या करायच्या. कोणत्या विषयाला, कोणत्या पदावर बाई आहे. कोणत्या तासाला मुलगे आणि मुली वेगळे होतात. काही बोलू नका, नुसती यादी करा आणि शिक्षकांच्या खोलीत लावा. यादी स्वतः बोलते.

दुसरं, आपल्या तालुक्यात मुलींना अकरावी विज्ञान कुठं कुठं उपलब्ध आहे ते पाहा, आणि एस.टी.चं वेळापत्रक त्याशेजारी ठेवा. अहिल्याबाई होळकर योजनेत खेड्यातल्या मुलींना एस.टी.चा पास मोफत आहे, चांगली गोष्ट आहे. पण प्रात्यक्षिक साडेचारला सुटतं आणि गावाची शेवटची गाडी चारला गेलेली असते, तर त्या मुलीनं विज्ञान निवडायचं कसं? तिनं कला शाखा घेतली की लोक म्हणतात, हिला विज्ञान झेपलं नसतं. डेपो मॅनेजरकडे अर्ज घेऊन आपण दहाजणींनी जायला काय हरकत आहे?

तिसरं, कार्यशिक्षणाचा जो काही पर्याय शाळेत येईल, तो सगळ्यांना आलटून पालटून. मुलींना वायरिंग, मुलांना स्वयंपाक. पालक सभेत हे आपणच मांडायचं. आणि ते मांडताना शाळेतल्या स्वयंपाकीण बाईंना सभेत खुर्ची द्यायची, तज्ज्ञ म्हणून.

विभाग हे भिंतींनी होत नाहीत, मंजुरीनं होतात. मंजुरी माणसं देतात, आणि माणसांकडे मागता येते. एवढंच सांगून थांबते. आता तुमचे प्रश्न.